तीन मशीन, अकरा गिऱ्हाईकं आणि एक वही: टेराफॉर्म, अ‍ॅन्सिबल की सरळ के-थ्री-एस?

शहापूरकर_४७

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं बेळगावच्या टिळकवाडीत एका माडीवर बसून उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या कारखान्यांचं चलन, वजनकाटा आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर चालवतो. गिऱ्हाईकं अकरा. दोन मशीन क्लाउडवर, मुंबई रीजनमध्ये. तिसरं खानापूरच्या बाजूला एका गिऱ्हाईकाच्या ऑफिसात टेबलाखाली, कारण त्यांना डेटा बाहेर जायला नको. तिन्हींवर डॉकर कंपोज, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या बंद डब्यात (कंटेनरमध्ये) चालवायची सोय. नवीन व्हर्जन चढवायचं म्हणजे एसएसएचनं (दुरून लॉगिन करून) आत जायचं, गिट पुल (नवा कोड ओढायचा), कंपोज अप (कंटेनर चालू करायचे) आणि देवाचं नाव. कुठल्या मशीनवर काय वेगळं केलंय ते एका दोनशे पानी वहीत आहे. वही माझ्याकडे असते. मी रजेवर गेलो की वहीपण रजेवर.

आता झालं काय. चलनाचा पीडीएफ मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत निघतो. त्याचा कंटेनर वेगळा आहे. आठ महिन्यांपूर्वी कन्नड अक्षरं उमटेनात म्हणून आमच्यातल्या एकानं (म्हणजे मीच) चालू कंटेनरमध्ये एक्झेक करून (आत शिरून) नोटोचे फाँट टाकले. चाललं. वहीत लिहायचं राहिलं. मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला त्याच कंटेनरमध्ये एक बारीक दुरुस्ती चढवली आणि फाँट गायब. गेटवर ट्रक भरून उभा, चलनावर मालाच्या नावाच्या जागी नुसते चौकोन. वॉचमन फोनवर विचारतोय, "सर, हे बॉक्स बॉक्स काय आलंय ओ? डबे पाठवायलाय काय?" गाडीत हायड्रॉलिक सिलिंडर होते.

तेव्हापासून ठरवलंय, सगळं कोडमध्ये लिहून ठेवायचं. पण कशानं? कुणी टेराफॉर्म म्हणतंय, कुणी अ‍ॅन्सिबल, कुणी पुलुमी. भाचा म्हणतो कुबरनेटिसशिवाय (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारी सिस्टिम) आता कोण विचारतंय. चौघांच्या टीमला झेपेल असं काय, ते अनुभवानं सांगा.

यॅमलग्रस्त

वहीचा बॅकअप आहे का ओ?

शहापूरकर_४७

झेरॉक्स आहे. २०२२ ची.

फौंड्रीतला_माणूस

मी सॉफ्टवेअरवाला नाही. माझ्या कारखान्यात असलंच एक सॉफ्टवेअर चालतं, म्हणून हे सदर वाचतो. पण तुमचं फाँटचं वाचून हसू आलं. आमच्याकडे नवीन पोरगा आला की हेच करतो. कास्टिंगवर एका जागी माल जास्त येतोय, तर तो प्रत्येक नग ग्राइंडरवर धरून घासत बसतो. दोनशे नग घासतो. मग मिस्त्री येऊन विचारतो, "अरे, पॅटर्न कोण दुरुस्त करणार?"

तुमचं इमेज (ज्यावरनं कंटेनर बनतो ते) म्हणजे पॅटर्न आणि कंटेनर म्हणजे कास्टिंग, असंच ना? मग तुम्ही कास्टिंगला फाँट लावलात. पुढच्या हीटला (ओतकामाला) ते येणार कुठनं?

अनगोळची_अक्का

वरच्या काकांनी एका परिच्छेदात जे सांगितलं ते शिकायला मला तीन वर्षं लागली.

शहापूरकर, थोडं खोलात सांगते. कंटेनर रीस्टार्ट झाला तर आत टाकलेली फाईल राहते. म्हणूनच आठ महिने लाईट जाऊन येऊनसुद्धा तुमचे फाँट टिकले. पण इमेज बदललं की कंपोज जुना कंटेनर काढून नवा बनवतो, आणि जुन्याच्या वरच्या थरात लिहिलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. तेव्हा पहिली दुरुस्ती कुठल्याही नव्या टूलची नाहीच. डॉकरफाईलमध्ये (इमेज कसं बनवायचं ते लिहिलेली फाईल) एक ओळ टाका, फाँट्स-नोटो-कोअर पॅकेज बसवणारी. देवनागरी आणि कन्नड दोन्ही त्यात येतात. स्लिम नाहीतर अल्पाइन असा लहान बेस घेतला असेल तर त्यात आपल्या लिप्यांचे फाँट नसतातच.

टूलचं संध्याकाळी लिहिते, पोरीची शाळा सुटायची वेळ झाली.

बंगळूरवाला_बेळगावकर

भाचा बरोबर बोलतोय. के-थ्री-एस टाका, कुबरनेटिसचीच छोटी आवृत्ती. एकच बायनरी, शंभर एमबीच्या आत, कंटेनर चालवणारा कंटेनरडी त्यातच येतो. एका मशीनवर असेल तर डेटा एसक्यूलाइटमध्ये ठेवतो, वेगळं काही लावावं लागत नाही. अकरा गिऱ्हाईकं म्हणजे हेल्मचा एक चार्ट (सगळ्यांचा सामाईक साचा) आणि अकरा व्हॅल्यूज फाईल (प्रत्येकाचे फरक). वर आर्गो सीडी, गिट बघून क्लस्टर (कुबरनेटिसखालची मशीन) जुळवून ठेवणारं. गिटमध्ये जे लिहिलंय तेच क्लस्टरवर असणार. कुणी हातानं काही बदललं तर सेल्फ-हील चालू असलेला आर्गो ते परत जागेवर आणतो. तुमचा फाँटचा घोळ झालाच नसता.

निपाणीकर_दादा

दोन पोती तंबाखू न्यायला सोळा चाकी ट्रक सांगितला की भावा!

मी केलंय हे. दोन मशीन होती, म्हटलं दोन्ही के-थ्री-एसचे सर्व्हर करू, एक पडलं तर दुसरं सांभाळेल. आत एटसीडी लावला, क्लस्टरची नोंद सगळ्या सर्व्हरवर ठेवणारा डेटाबेस. एका रात्री एकाचा पॉवर सप्लाय उडाला. दुसरं मशीन ठणठणीत, पण क्लस्टर काही ऐकायलाच तयार नाही. चालू कंटेनर चालू राहिले, पण नवीन काही चढेना, क्युबसीटीएलला (क्लस्टरला हुकूम द्यायची कमांड) उत्तर मिळेना. रात्री दोनला कळलं की एटसीडीला बहुमत लागतं आणि दोघांतलं बहुमत म्हणजे दोघंही. म्हणजे दोन सर्व्हर हे एकापेक्षा वाईट, कारण दोघांतलं कुठलंही पडलं तरी काम थांबणार. लावायचे तर तीन लावा, तेव्हा एक पडलेला चालतो.

आता परत कंपोजवर आलोय. चाळीस ओळींचं अ‍ॅन्सिबल प्लेबुक (करायच्या कामांची यादी) आहे. झोप लागते.

बंगळूरवाला_बेळगावकर

दादा, ती चूक डॉक्युमेंटेशन न वाचल्याची आहे, कुबरनेटिसची नाही.

निपाणीकर_दादा

मान्य की. पण रात्री दोनला डॉक्युमेंटेशन वाचायला कोण उठणार, हेच तर शहापूरकर विचारतायत. टूल बंगळूरच्या प्लॅटफॉर्म टीमनं निवडणं वेगळं आणि माडीवरच्या चौघांनी निवडणं वेगळं.

अनगोळची_अक्का

आले. बंगळूरवाल्यांची एक गोष्ट आधी दुरुस्त करते. आर्गोनं फाँटचा घोळ पकडला नसता. आर्गो बघतो तो गिटमधला मॅनिफेस्ट (काय चालायला हवं त्याची यादी) आणि क्लस्टरमधला मॅनिफेस्ट. पॉडच्या (कुबरनेटिसमधल्या कंटेनरच्या) आत शिरून कुणी फाईल टाकली ते त्याला दिसत नाही. ते थांबवायचं असेल तर कंटेनरची फाईलसिस्टिमच रीड-ओन्ली करायची. कुबरनेटिसमध्ये सिक्युरिटी कॉन्टेक्स्टमध्ये तशी सोय आहे आणि साध्या कंपोजमध्येसुद्धा सर्व्हिसखाली रीड-ओन्ली ट्रू एवढं लिहिलं की होतं. मग एक्झेक करून फाँट टाकायला गेलात की तिथंच एरर येईल, आठ महिन्यांनी नाही.

आता मूळ प्रश्न. टेराफॉर्म की अ‍ॅन्सिबल की हेल्म, हा प्रश्न मला गवंडी की सुतार की वायरमन असा वाटतो. घराला तिघंही लागतात, पण गवंड्याकडनं दारं करून घेतली की काय होतं ते आपण बघतो.

मशीन, डिस्क, फायरवॉलचे नियम, डीएनएस, बकेट (क्लाउडवरचा फाईलींचा साठा), हे टेराफॉर्मचं काम. तो स्टेट फाईल ठेवतो, म्हणजे मी काय बनवलंय याची नोंद. प्लॅन मारला की लिहिलेलं, नोंदलेलं आणि खरं असलेलं यांतला फरक दाखवतो, अप्लाय मारला की तो बदल खरोखर करतो. अ‍ॅन्सिबल अशी नोंद ठेवत नाही. तो मशीनच्या आत एसएसएचनं जातो, एकेक गोष्ट तपासतो, नसेल तर करतो. डॉकर बसवणं, युजर, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), कंपोजची फाईल जागेवर ठेवणं, हे त्याचं. समोरच्या मशीनवर पायथन असलं की पुरतं, वेगळा एजंट लागत नाही. गोम अशी की प्लेबुकमधनं एखादं काम काढून टाकलं म्हणून अ‍ॅन्सिबल ते मशीनवरनं काढत नाही. टेराफॉर्म काढतो. एकाची सवय दुसऱ्याला लावली की दोन्हीकडे फसायला होतं.

टेराफॉर्मनं कंटेनर चालवता येतात का? येतात, डॉकरचा प्रोव्हायडर (जोडणारा भाग) आहे, कुबरनेटिसचाही आहे. मी केलं होतं आणि मोडून टाकलं. त्यातला मॅनिफेस्टचा रिसोर्स प्लॅन करतानाच क्लस्टरशी बोलायला मागतो. क्लस्टर आणि त्यावरचे मॅनिफेस्ट एकाच फोल्डरात लिहिले तर पहिल्यांदा प्लॅनच होत नाही, कारण क्लस्टर अजून जन्मायचंय! शिवाय ॲप रोज बदलतं आणि मशीन वर्षातनं दोनदा. रोजच्या कामासाठी मशीनच्या स्टेटला हात का लावा?

लायसन्सचं पण सांगून ठेवते, कुणीतरी विचारणारच. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पनं टेराफॉर्म मोझिलाच्या लायसन्सवरनं बिझनेस सोर्स लायसन्सवर नेलं. त्यातनं ओपनटोफू फुटून निघालं, ते लिनक्स फाउंडेशनखाली आहे, पहिलं स्थिर व्हर्जन जानेवारी २०२४ चं. तुम्ही टेराफॉर्मशी स्पर्धा करणारी सेवा विकत नसाल तर लायसन्सनं तुम्हाला काही फरक पडत नाही. मी टोफूवर गेले ते वेगळ्या कारणानं. स्टेट फाईलमध्ये डेटाबेसचे पासवर्ड उघडे पडतात. टोफूत १.७ पासून स्टेट एन्क्रिप्ट करता येतं.

टाईपस्क्रिप्टचा_पुजारी

पुलुमीला (टेराफॉर्मचंच काम करणारं टूल) कुणी विचारतच नाही. तिथे सिक्रेट स्टेटमध्ये आधीपासनं एन्क्रिप्टच जातं. नवीन भाषा शिकायला नको, टाईपस्क्रिप्ट, पायथन, गो, काय येतं त्यात लिहा. अकरा गिऱ्हाईकांवर साधा लूप फिरवा, टेस्ट लिहा. एचसीएलमध्ये (टेराफॉर्मच्या भाषेत) एक अट घालायची तर माणूस कसरत करतो.

यॅमलग्रस्त

आमच्या ऑफिसात पुलुमी होतं. लिहिणारा हुशार होता. लूप लिहिला, मग क्लास लिहिला, मग त्या क्लासचा बाप लिहिला, मग आजोबा. तो हैदराबादला गेला. आता एक डीएनएस रेकॉर्ड बदलायला त्याची अख्खी वंशावळ वाचावी लागते.

एचसीएल आडमुठं आहे हे कबूल, पण त्यात कुणाला फार शहाणपणा करता येत नाही.

टाईपस्क्रिप्टचा_पुजारी

हा माणसाचा दोष. पण हसलो.

मामा_कॅम्पवाले

अक्का सारखं स्टेट स्टेट म्हणायल्यात म्हणून विचारतो. आपल्या भागात स्टेट फाईल नेमकी कुठली धरायची? आमचं तर १९५६ पासून लॉक होऊन बसलंय.

यॅमलग्रस्त

आणि फोर्स-अनलॉकचा अर्ज २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे.

बंगळूरवाला_बेळगावकर

प्लॅन निघतो, अप्लाय होत नाही.

संपादक

हसून झालं. सीमाप्रश्नाला वेगळं सदर आहे, इथे नको. मूळ विषयावर या.

निपाणीकर_दादा

मूळ विषयावरच येतो. लॉकचं हसण्यावारी नेऊ नका शहापूरकर. स्टेट फाईल लॅपटॉपवर ठेवली आणि दोघांनी एकाच वेळी अप्लाय मारला तर दोघांच्या नोंदी दोन तऱ्हेच्या होतात. बकेटमध्ये ठेवा, व्हर्जनिंग चालू करा, लॉकिंग (एकाचं चालू असताना दुसऱ्याला अडवणं) लावा. पूर्वी ॲमेझॉनवर त्यासाठी डायनॅमोडीबीचं वेगळं टेबल लागायचं. टेराफॉर्म १.१० पासून एस-थ्रीतच (त्यांच्या बकेटमध्येच) लॉकची फाईल ठेवता येते, टोफूतही आलंय.

जांबोटीचा_पाऊस

सगळे क्लाउडबद्दल बोलताय. टेबलाखालच्या मशीनचं कुणी बोललंच नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

मी जांबोटीजवळच्या एका काजू कारखान्याचं बघतो. जून ते सप्टेंबर नेट म्हणजे आलं तर आलं. त्यातनं कनेक्शन असं की बाहेरनं आत यायला सार्वजनिक आयपीच नाही. माडीवरनं अ‍ॅन्सिबल चालवून तुम्ही तिथे पोचणार कसे? व्हीपीएन लावला होता. नेट गेलं की तो पण जायचा आणि प्लेबुक अर्ध्यात लटकायचं.

मग उलटं केलं. आपण ढकलायचं नाही, मशीननं स्वतः ओढून घ्यायचं. अ‍ॅन्सिबल-पुल म्हणून कमांड अ‍ॅन्सिबलबरोबरच येते. क्रॉनमध्ये घातली. दर अर्ध्या तासाला मशीन गिट बघतं, बदल असेल तर प्लेबुक स्वतःवरच चालवतं. नेट नसेल तर गप्प बसतं, जुनं चालू राहतं. आर्गो आणि त्याच्यासारख्या फ्लक्सचं तत्त्व हेच आहे, पण मला त्यासाठी कुबरनेटिस लागलं नाही.

दुसरी गोष्ट इमेजचा आकार. आमचं इमेज १.१ जीबी होतं, पावसात उतरायला रात्र जायची. मल्टी-स्टेज बिल्ड केला, कंपायलर आणि बाकी कचरा बाहेर राहिला, १८० एमबीवर आलं. त्याआधी एका श्रावणात डॉकर सेव्ह करून पेनड्राइव्हवर घेतलं आणि खानापूरहून एसटीनं पाठवलं. म्हणजे कंडक्टरच्या हातात दिलं. तिकडे कारखान्याच्या माणसानं स्टँडवरनं घेतलं, डॉकर लोड केलं. बसनं डिप्लॉयमेंट.

बंगळूरवाला_बेळगावकर

हे मात्र मी मान्य करतो. ओढून घेणं ही खरी कल्पना, क्लस्टर असो नसो. फक्त एक सांगा, इमेजला टॅग काय लावता? लेटेस्ट असेल तर गिटमध्ये काहीच बदललेलं दिसत नाही आणि मशीनवर मात्र काहीही असू शकतं.

जांबोटीचा_पाऊस

कमिटचा (गिटमधल्या त्या बदलाचा) आकडा. लेटेस्ट आमच्याकडे शिवीसारखं वापरतात.

यॅमलग्रस्त

माझं नाव असं का ते आज सांगतो. गिऱ्हाईकाच्या शिफ्टची व्हेरिएबल होती, पहिली, दुसरी, तिसरी, आणि सुट्टीच्या दिवशी इंग्रजीत ऑफ. अ‍ॅन्सिबलचं यॅमल (सेटिंग लिहायची पद्धत) अवतरणचिन्हाशिवाय लिहिलेल्या ऑफला शब्द समजत नाही, फॉल्स समजतं. रविवारच्या रिपोर्टावर शिफ्टच्या जागी फॉल्स छापून आलं. मालक म्हणाले, "आमचा रविवार खोटा कसा काय ओ?" तेव्हापासून मी सगळ्याला अवतरण घालतो. स्वतःच्या नावालासुद्धा घातलं असतं.

अनगोळची_अक्का

जाता जाता शहापूरकरांना एक. तुमच्या क्लाउडच्या मशीनवर यूएफडब्ल्यू (लिनक्सचा फायरवॉल) चालू करून निश्चिंत असाल तर नसा. कंपोजमध्ये पोर्ट्सखाली लिहिलेलं पोर्ट डॉकर स्वतः आयपीटेबल्समध्ये (त्याखालच्या नियमांत) उघडतो, यूएफडब्ल्यूचा नियम बाजूला राहतो. पोस्टग्रेस डेटाबेसचं ५४३२ असंच उघडं राहिलेलं मी एका ठिकाणी बघितलंय. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हेच मशीन) लिहा, किंवा पोर्ट बाहेर देऊच नका. कंटेनर आपसात त्याशिवाय बोलतात.

शहापूरकर_४७

अक्का, तुमचा निरोप वाचला आणि बघितलं. उघडं होतं. आता बंद आहे. अजून हात थरथरायलेत.

शहापूरकर_४७

तीन आठवड्यांनी आलोय. ठरलं ते असं: कुबरनेटिस नको, आत्ता तरी. भाचा नाराज आहे, त्याला एका जुन्या डेस्कटॉपवर के-थ्री-एस टाकून दिलंय, खेळ म्हटलं. कंपोज तसंच. तिन्ही मशीनवर अ‍ॅन्सिबल-पुल. क्लाउडची दोन मशीन आणि डीएनएस ओपनटोफूत. फाँट डॉकरफाईलमध्ये गेले. पीडीएफचा कंटेनर रीड-ओन्ली केला, तर लगेच पडला, कारण पीडीएफ बनवताना तो टेम्पमध्ये लिहितो. तेवढ्यासाठी टीएमपीएफएस (मेमरीतली तात्पुरती जागा) दिलं.

पण एका ठिकाणी अडलोय. चालू मशीन इंपोर्ट ब्लॉकनं टोफूत घेतलं. प्लॅन मारला तर म्हणतोय १ टु इंपोर्ट, १ टु ॲड, १ टु डिस्ट्रॉय. मी फक्त घ्यायला सांगितलंय, हा पाडून नवीन बांधायचं म्हणतोय. डेटाबेस त्याच मशीनच्या डिस्कवर आहे. लॅपटॉप बंद करून ठेवलाय.

अनगोळची_अक्का

अप्लाय मारू नका. मशीन पाडलं की त्याची रूट डिस्क ॲमेझॉनवर आपोआप पुसली जाते, मूळ सेटिंग तसंच असतं.

प्लॅनमध्ये "मस्ट बी रिप्लेस्ड"च्या खाली कुठल्या ओळीपुढे "फोर्सेस रिप्लेसमेंट" लिहिलंय ते सांगा. माझा अंदाज, एएमआय (मशीन ज्यावरनं उभं राहतं ते ॲमेझॉनचं इमेज).

शहापूरकर_४७

होय. एएमआय. तुम्हाला कसं कळलं?

अनगोळची_अक्का

उदाहरण कुठूनतरी उचललं असणार, त्यात "मोस्ट रीसेंट ट्रू" असतं. म्हणजे उबंटूचं सगळ्यात नवं एएमआय शोध. तुमचं मशीन दोन वर्षांपूर्वीच्या एएमआयवर उभं आहे. एएमआय चालू मशीनवर बदलता येत नाही, म्हणून तो पाडून नवं करायला बघतोय. त्याच्या हिशेबानं तो बरोबर आहे. मशीनचा जो खरा एएमआय आयडी आहे तोच लिहा, किंवा लाइफसायकलमध्ये एएमआयकडे दुर्लक्ष कर म्हणून सांगा. शिवाय प्रिव्हेंट डिस्ट्रॉय लावा. पण तो मशीनचा ब्लॉकच कुणी फाईलमधनं काढून टाकला तर त्याच्याबरोबर हे कुलूपही जातं, म्हणून क्लाउडच्या बाजूचं टर्मिनेशन प्रोटेक्शन पण चालू करा. आणि डेटाबेस वेगळ्या डिस्कवर हलवा, आज नाही तर या महिन्यात.

शहापूरकर_४७

१ टु इंपोर्ट, ० टु ॲड, १ टु चेंज, ० टु डिस्ट्रॉय. चेंज फक्त एका टॅगचा आहे. पोस्टग्रेसचा डंप काढून, तो दुसऱ्या मशीनवर उतरवून बघितला आणि मग अप्लाय मारलं. झालं. आज संध्याकाळी चलन काढून बघितलं, कन्नड व्यवस्थित.

फौंड्रीतला_माणूस

आणि वही?

शहापूरकर_४७

वही गिटमध्ये टाईप करायलोय काका. त्रेसष्ट पानं झाली. पान ४१ वर चौकटीत एक पासवर्ड सापडलाय, खाली दोनदा अधोरेखित, आणि कशाचा ते लिहिलेलं नाही.

अनगोळची_अक्का

तो तेवढा गिटमध्ये टाकू नका.